प्रश्न तुमचे: शटरचा पडदा, काळी पट्टी आणि कललेली चाकं

या खेपेला टपालानं अन् व्हॉट्सअॅपवर आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त प्रश्न जुन्या रोलच्या कॅमेऱ्यांचे आहेत आणि ते सगळे फिरून फिरून एकाच जागी येतात, शटरपाशी. गावोगावचे स्टुडिओ बंद पडले, कपाटातले कॅमेरे पोरासोरांच्या हातात आले, रोल महाग झालाय तरी हौस काही कमी होईना. म्हणून मोबाईलचे बरेचसे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, रागावू नका.

परभणीहून एक वाचक: दादा, काकाचा स्टुडिओ होता, त्यातला पेंटॅक्स के-१००० मला मिळालाय. चुलतबहिणीच्या साखरपुड्यात फ्लॅश लावून १/२५० वर फोटो काढले, रोल धुऊन आला तर प्रत्येक फोटोत एका बाजूची उभी पट्टी तेवढी नीट अन् बाकी सगळं काळं. बिनफ्लॅशचे फोटो मात्र एकदम बरोबर. इथले एकजण म्हणाले शटर गेलं, बदलावं लागंल. खरंच गेलंय का?

अजिबात नाही गेलं. एक रुपया घालू नका, डायल ६० वर आणा अन् दुसरा रोल टाका, पट्टी गायब होईल. पण का गायब होईल ते नीट वाचा, कारण हे एकदा डोक्यात बसलं की खाली बाकीच्यांनी विचारलेलं निम्मं आपोआप सुटतं.

आपल्याला वाटतं शटर म्हणजे खिडकी, उघडली अन् लावली. यशिका मॅटसारख्या कॅमेऱ्यात शटर लेन्सच्या आत असतं, त्यातल्या पाती मधून उघडतात अन् परत मिटतात, तिथं हे बरंचसं खरंय. तुमच्या के-१००० मधे भानगड वेगळीय. रोल नसताना मागचं झाकण उघडा, समोर काळं कापड दिसेल, रबर चढवलेलं. ते एक नाही, दोन पडदे आहेत. लिव्हर मारली की दोन्ही एका बाजूला ओढले जातात अन् तिथं खिट्टीला अडकून बसतात. बटण दाबलं की आधी आरसा वर जातो, मग पहिला पडदा सुटतो, तो आडवा पळत जातो अन् त्याच्या मागं फिल्म उघडी पडत जाते, मग थोड्या वेळानं दुसरा पडदा सुटतो, तोही त्याच दिशेनं पळतो अन् फिल्म झाकत जातो. पहिला काही परत माघारी येत नाही. माघारी येतात ते दोघं मिळून, तुम्ही पुढची लिव्हर माराल तेव्हा.

आता जे बहुतेकांना माहीत नसतं ते. तुम्ही डायल १/६० वर ठेवा नाहीतर १/१००० वर, पडदा पळायचा वेग तोच राहतो. स्पीड वाढवला म्हणून पडदा जोरात पळत नाही. बदलतं ते एवढंच की पहिल्यामागं दुसरा किती वेळानं सोडायचा. लातूरच्या स्टँडवरून तुळजापूरला दोन एसट्या सोडल्या असं समजा, एक दहाला अन् दुसरी सव्वादहाला, दोघी सारख्याच वेगानं चालल्यात. पोचायला किती का वेळ लागंना, औशाच्या माणसाला पहिली गेल्यावर पंधराच मिनिटांनी दुसरी दिसणार, उजनीच्या माणसालाही पंधराच. फिल्मवरच्या प्रत्येक ठिपक्याचं असंच आहे. त्याच्यासमोरून पहिला पडदा गेला अन् दुसरा आला यातला जो वेळ, तो त्याचा शटर स्पीड.

तुमच्या कॅमेऱ्यात पडद्याला ३६ मिलिमीटर अंतर कापायला ढोबळ मानानं १२ ते १४ मिलिसेकंद लागतात. १/६० म्हणजे जवळपास १७ मिलिसेकंद. म्हणजे पहिला पडदा पोचला, दुसरा अजून निघायचाय, मधे काही मिलिसेकंद अख्खी फ्रेम उघडी आहे. फ्लॅश नेमका या वेळी उडवला जातो. फ्लॅशचा उजेड टिकतो किती, तर बहुतेक वेळा १/१००० सेकंद किंवा त्याहूनही कमी. १/२५० म्हणजे ४ मिलिसेकंद, यात पहिला पोचायच्या आधीच दुसरा निघालेला असतो, दोघांच्या मधे एक फट पळत असते अन् अख्खी फ्रेम एका क्षणालाही पूर्ण उघडी नसते. फ्लॅश उडाला तेव्हा जेवढी फट उघडी होती तेवढाच तुमचा साखरपुडा उजळला, साधारण एक तृतीयांश फ्रेम. १/१००० ला तर ही फट तीनेक मिलिमीटरचीच असते. बिनफ्लॅशचे फोटो नीट आले कारण दिवसाचा उजेड सलग असतो, फट सगळ्या फ्रेमवरून फिरून येईपर्यंत तो तिथंच असतो.

६० पेक्षा हळू कुठलाही स्पीड फ्लॅशला चालतो, ३० चालेल, १५ चालेल, फक्त हात हलला तर मागचा उजेड लांबेल. बहुतेक कॅमेऱ्यांच्या डायलवर फ्लॅशला चालणारा सगळ्यात वरचा आकडा वेगळ्या रंगात असतो नाहीतर शेजारी एक्स लिहिलेला असतो. आणखी एक, जुन्या पेंटॅक्स स्पॉटमॅटिकसारख्या बॉडीवर वायरची दोन भोकं असतात, एफपी अन् एक्स. एफपी हे बराच वेळ जळत राहणाऱ्या जुन्या बल्बसाठी असायचं, तो फट फ्रेम पार करेपर्यंत जळायचा. त्यात आजचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश खुपसला तर तो पडदा उघडायच्या आधीच उडून जातो, अन् मग माणूस कॅमेऱ्याला शिव्या देत बसतो.

छत्रपती संभाजीनगरचा एक पॉलिटेक्निकचा विद्यार्थी: सर, सेल काढून टाकला तरी माझ्या कॅमेऱ्याचं शटर चालतंय. मग १/१००० सेकंद मोजतंय कोण? आणि १ सेकंदावर लावलं की आतून करर्र आवाज येतो तो कशाचा?

सेल फक्त लाइट मीटरला लागतो रे, शटरची ताकद तू अंगठ्यानं मारतोस त्या लिव्हरमधे आहे. लिव्हर ओढताना पडद्याच्या रोलरमधली स्प्रिंग ताणली जाते, बटण त्या ताणाला वाट देतं, बस.

मोजण्याचं उत्तर मला स्वतःला फार आवडतं, कारण कापडी पडद्याच्या नेहमीच्या रचनेत जलद स्पीडला वेळ कुणी मोजतच नाही, अंतर मोजतात. पहिल्या पडद्याचा ड्रम फिरतो, त्याच्यासोबत एक कॅम, म्हणजे उंचवटा असलेली चकती, फिरतो अन् तो कॅम ठराविक ठिकाणी आला की दुसऱ्या पडद्याची खिट्टी पाडतो. डायल फिरवून तू एवढंच ठरवतोस की पहिला किती पुढं गेल्यावर खिट्टी पडायची. १/१००० ला तो दोन-तीन मिलिमीटर सरकला की लगेच, १/१२५ ला अर्ध्याच्या पुढं गेल्यावर. वेग पक्का असला की अंतर म्हणजेच वेळ. यातली मेख अशी की स्प्रिंग थोडी ढिली झाली नाहीतर ग्रीस घट्ट झालं तर वेग बदलतो अन् सगळा हिशोब सरकतो, म्हणून जुना कॅमेरा डायलवर १००० दाखवतो अन् खरं ७०० च्या आसपास देतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पडदा पळताना वेग घेत जातो, तेव्हा फट शेवटाकडं जरा रुंद होते. होऊ द्यायचीच असते, तरच दोन्ही टोकांना उजेड सारखा पडतो.

हळू स्पीडला मात्र पहिला पडदा कधीच पोचलेला असतो, मोजायला अंतरच उरत नाही. मग तिथं दातेरी चाकांची एक छोटी माळ बसवलेली असते, तिच्या शेवटच्या चाकावर एक पट्टी इकडून तिकडं आपटत राहते अन् चाकाला पळू देत नाही, गजराच्या घड्याळात असतं तेच यंत्र. ती माळ संपली की दुसरी खिट्टी पडते. करर्र आवाज त्या आपटण्याचा. एकदा शांत खोलीत कॅमेरा कानाला लावून १ सेकंद, १/२, १/४ असं ऐकत जा, आवाज एकसारखा हवा. मधेच रडल्यासारखा झाला किंवा थांबून परत सुरू झाला तर आतलं ग्रीस वाळलंय.

तपासायला मोबाईल पुरतो. झाकण उघडं ठेवून, मागून ट्यूबलाइट दिसेल असं धरून २४० फ्रेमचा स्लोमोशन व्हिडिओ काढ, उघड्या शटरच्या फ्रेम मोज अन् २४० नं भाग दे. १/३० ला आठ फ्रेम यायला पाहिजेत. १/६० ला चारच येतात, तिथून पुढं या मोजणीत राम नाही, १/१००० तर एका फ्रेमच्याही आत उरकतो. त्याला फोटोडायोडचं, म्हणजे उजेड ओळखणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक भागाचं, टेस्टर लागतं, ते तुम्ही पॉलिटेक्निकवाले लोक करू शकता, साउंड कार्डला जोडून बरेच जण करतात.

घरात जुना डबा टीव्ही असेल तर मजा बघ. त्याच्या काचेवर चित्र ओळीओळीनं उमटतं, एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद लागतात. १/१००० वर फोटो काढला तर पंधरा-सोळा ओळींचीच उजळ पट्टी येते, अन् आडव्या पळणाऱ्या शटरमधे ती पट्टी तिरकी येते, कारण फट आडवी चाललीय अन् ओळी खाली उतरत चालल्यात. पट्टी मधेच जाड-बारीक झाली तर पडदे सारख्या वेगानं पळत नाहीत असं समज.

नांदेडहून एक वाचक: होला महल्ल्याला घोडे पळतात त्याचे फोटो काढायचेत, निकॉन एफएम२ मिळायलाय. के-१००० पेक्षा तिप्पट पैसे सांगायलेत. शटरमधे एवढा काय फरक आहे?

फरक आहे, अन् पैसे त्याचेच आहेत. के-१००० चा पडदा आडवा ३६ मिलिमीटर पळतो, एफएम२ चा वरून खाली २४ च. शिवाय कापड नाही, धातूच्या पातळ पाती आहेत, एकमेकींवर सरकून गोळा होणाऱ्या. वाट कमी अन् वजन नाहीच्या बरोबर, म्हणून साडेतीन मिलिसेकंदांच्या आसपास खेळ खलास. वरचा स्पीड १/४००० अन् फ्लॅश १/२०० पर्यंत. १९८२ साली आला तेव्हा ही मोठी गोष्ट होती. नंतरच्या एफएम२एन मधे फ्लॅश १/२५० झाला. पहिल्याच्या डायलवर एक्स२०० लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर २५० लाल असतो अन् सिरीयल नंबरच्या आधी एन असतो, घेताना तेवढं बघा.

उभं धातूचं शटर काही निकॉननं शोधलेलं नाही. १९२५ मधे जर्मनीच्या लाइट्स कंपनीनं लायका कॅमेऱ्यातून ऑस्कर बार्नाकच्या डिझाइनचा कापडी आडवा पडदा बाजारात आणला, तो १/५०० पर्यंत जायचा. त्याला तोड म्हणून जर्मनीच्याच झाइस कंपनीनं १९३२ मधे कॉन्टॅक्स कॅमेरा काढला, पितळी पट्ट्यांचा, उभा पळणारा, १/१००० चा. कागदावर वरचढ, पण त्या पट्ट्या रेशमी फितींवर तोललेल्या अन् फिती तुटायच्या, आजही कॉन्टॅक्स दुरुस्त करायचा म्हणजे फितीच बदलाव्या लागतात. पुढं साठच्या दशकात जपानच्या कोपाल कंपनीनं उभं शटर तयार युनिट म्हणून विकायला काढलं अन् मग ते घरोघरी गेलं.

एफएम२ च्या सुरुवातीच्या पाती टायटॅनियमच्या असतात, त्यांच्यावर मधाच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते, ती वजन कमी करण्यासाठी कोरलेली आहे. नंतरच्या ॲल्युमिनियमच्या, साध्या. मला विचाराल तर दोन्ही चांगल्या, नक्षीपायी जास्तीचे पैसे देऊ नका. झाकण उघडून पाती बघा, सरळ अन् कोरड्या पाहिजेत. तेलाची तकतक किंवा बोटाचा ठसा दिसला तर भाव पाडा नाहीतर सोडून द्या. रोल भरताना त्याचं टोक पातीला लागू देऊ नका, अन् पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं धूळ उडवायचा विचार तर स्वप्नातही आणू नका, एकाच फुंकरीत पात वाकते.

घोड्यांना १/५०० सुद्धा पुष्कळ होतं. नवीनच शिकायलाव तर के-१००० घ्या, उरलेल्या पैशाचे रोल घ्या.

जालन्याहून एक वाचक: १/५०० अन् १/१००० ला फोटोची एक बाजू काळी यायलीय, फ्लॅश नसताना. हळू स्पीडला बरोबर येतात. शिलाई मशीनचं तेल दोन थेंब सोडलं तर दोन दिवस चांगलं चाललं, परत तेच. आणखी सोडू का?

नका सोडू! आहे तेच काढावं लागणारंय.

परभणीच्या उत्तरात दोन एसट्या सांगितल्या ना, तुमच्याकडं पहिली वाटेत दमायलीय अन् मागची तिला गाठायलीय. दुसऱ्या पडद्यानं पहिल्याला गाठलं की फट मिटते, तिथून पुढं फिल्मवर उजेडच नाही. हळू स्पीडला अंतर एवढं मोठं असतं की गाठ पडत नाही, म्हणून तिथं कळत नाही. बऱ्याच वेळा कारण म्हणजे वर्षानुवर्षं पडून वाळलेलं वंगण. आपल्याकडच्या उन्हात, पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवलेला कॅमेरा म्हणजे वंगणातलं पातळ तेल निघून नको तिथं पसरतं अन् मूळ जागी चिकट गाळ राहतो. वरून दिलेलं तेल तो गाळ दोन दिवस भिजवतं, मग धूळ धरून आणखी घट्ट होतं. कापडी पडद्यावर गेलं तर रबर फुगतं, धातूच्या पातींवर गेलं तर पाती एकमेकींना चिकटतात.

काही कारागीर लगेच खालचं झाकण उघडून स्प्रिंगचा ताण वाढवून देतात. त्यानं महिनाभर भागतं, पण घाण तशीच राहते अन् तिच्यावर जास्तीचा जोर पडतो. आधी साफसफाई, मग नेमक्या जागी कणभर वंगण, अन् ताण अगदी शेवटी, तोही टेस्टर लावून, हा क्रम. कारागिराला हा क्रम विचारा, तो काय बोलतो त्यावरून माणूस कळेल.

घरी खात्री करायची असेल तर झाकण उघडा, लेन्स काढा, पांढऱ्या भिंतीकडं दिवसा उजेडी धरून १/१००० वर मागून बघत बटण दाबा. चौकोन पूर्ण उजळून गेल्यासारखा दिसला तर ठीक. एक बाजू काळीच राहिली तर वर सांगितलेलं कारण. आणि अंधाऱ्या खोलीत समोरून टॉर्च मारून कापडाला बारीक भोकं आहेत का तेही बघून घ्या, ती भोकं फोटोत पांढरे ठिपके म्हणून येतात.

अंबाजोगाईहून: आजोबांचा रशियन झोर्की-४ आहे. स्पीडची डायल कधी फिरते कधी अडकते. जोर लावू का? आणि शटर चढवून ठेवलं तर चालतं का?

जोर लावू नका. झोर्कीत आधी शटर चढवायचं, मगच डायल फिरवायची, उलट केलं तर आतली पिन मोडू शकते. चढवून महिनोन्महिने ठेवू नये, स्प्रिंगला उगं ताण. आणि या कॅमेऱ्यात आरसा नसतो, लेन्स अन् कापडी पडदा यांच्या मधे काहीच नाही, त्यामुळं लेन्सचं तोंड सूर्याकडं करून टेबलावर ठेवला तर भिंगानं कागद जाळतो तसं पडद्याला भोक पडतं. एप्रिल-मे मधे तर टोपण लावल्याशिवाय गळ्यातसुद्धा अडकवू नका.

बीडहून एक वाचक: शंकरपटाचे फोटो मिररलेसच्या (आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्याच्या) सायलेंट शटरवर काढले. छकड्याची चाकं पुढं झुकलेली अन् लांबट आलीत, बैलं पण तिरकी वाटायलीत. लेन्स खराब आहे का?

लेन्स बरोबर आहे. सायलेंट शटरमधे पडदा पळत नाही, सेन्सर ओळीओळीनं वाचला जातो. तीच पळती फट, पण विजेची, अन् बऱ्याच कॅमेऱ्यांत यांत्रिक पडद्यापेक्षा कितीतरी हळू. लेन्समधून चित्र उलटं पडतं, तेव्हा वाचन जर सेन्सरच्या वरून खाली होत असेल तर जमिनीजवळचा भाग आधी टिपला जातो अन् वरचा नंतर. छकडा ताशी ३० किलोमीटरनं पळत असेल तर सेकंदाला आठ मीटरच्या वर झाले. अख्खी फ्रेम वाचायला ३० मिलिसेकंद लागले तर खालपासून वरपर्यंत छकडा २५ सेंटिमीटर पुढं गेला, चाक झुकणारच. मेन्यूत जाऊन मेकॅनिकल शटर निवडा, चार मिलिसेकंदात काम होतं अन् फरक तीन-चार सेंटिमीटरवर येतो, नजरेत भरत नाही. शटर स्पीड १/४००० केला तरी ही चाकं सरळ होत नाहीत, कारण फट बारीक झाली, तिचा वेग तोच राहिला.

हे नवं नाही. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी फ्रान्सच्या लार्तिग नावाच्या फोटोग्राफरनं शर्यतीच्या मोटारीचा असाच फोटो काढला, चाक पुढं कललेलं लांबट अन् कडेचे बघे मागं झुकलेले, कारण तो मोटारीसोबत कॅमेराही फिरवत होता. त्याच्या कॅमेऱ्याची फट फार हळू होती. तो फोटो आज वेगाचा नमुना म्हणून दाखवतात, तेव्हा तुमचेही सगळे डिलीट करू नका.

धाराशिवहून एक लग्नाचे फोटोग्राफर: मंगल कार्यालयात एलईडी लावलेत तिथं सायलेंटवर आडव्या पट्ट्या यायलेत. लाइटवाला म्हणतो कॅमेरा खराब, तुम्ही सांगा.

दोघांचंही थोडं थोडं. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात, म्हणजे दर १० मिलिसेकंदाला एकदा. सेन्सर ३० मिलिसेकंद वाचत बसला तर त्यात तीन वेळा उजेड वर-खाली झाला, तेवढ्या पट्ट्या. मेकॅनिकल शटर लावा अन् स्पीड १/१०० किंवा १/५० ठेवा, प्रत्येक ओळीला उजेडाचा पूर्ण फेरा मिळतो अन् पट्ट्या जातात. डिमरवरच्या किंवा स्टेजमागच्या एलईडी स्क्रीनचं गणित वेगळं असतं, तिथं कॅमेऱ्यात बारीक स्पीड बदलायची सोय असली तर स्क्रीनकडं बघत एकेक टप्पा फिरवून पट्टी जाईल तिथं थांबा.

नवा कॅमेरा घ्यायचाच असेल तर माहितीसाठी सांगतो, निकॉन झेड९ नं २०२१ मधे यांत्रिक शटर काढूनच टाकलं, त्याचा सेन्सर फार झपाट्यानं वाचला जातो. सोनीच्या ए९ थ्री मधे, २०२३ च्या, सगळे पिक्सल एकदमच टिपतात, पळती फटच नाही, फ्लॅशही कुठल्याही स्पीडला चालतो. किमती मात्र लाखांत आहेत, आपल्याकडच्या लग्नाच्या ऑर्डरीत ते बसतंय का ते तुम्हीच बघा. तोवर विधी चालू असताना आवाज नको असेल तेवढ्यापुरतं सायलेंट, बाकी खटॅक खटॅक चालू द्या, बँडसमोर कुणाला ऐकू येतंय.